तारे नकोत, करेक्शन द्या

मिग-२१ आता आपल्या आकाशात दिसत नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला शेवटचा सलाम झाला. १९६३ साली त्याच चंदीगडला, २८ स्क्वाड्रनमध्ये ते पहिल्यांदा दाखल झालं होतं. म्हणजे बासष्ट वर्षांची नोकरी. आपल्यापैकी कुणाचीही एवढी झालेली नाही.

पण एका ठिकाणी ते अजून रोज उडतं, रोज पडतं आणि पुन्हा उडतं. ती जागा म्हणजे घरातला कॉम्प्युटर. ‘डीसीएस वर्ल्ड’ नावाचं एक फ्लाइट सिम्युलेटर आहे. मूळ सिम्युलेटर फुकट मिळतं, त्यात शिकायला एक-दोन विमानंही असतात. बाकीची विमानं एकेक करून विकत घ्यायची, त्यांना मॉड्यूल म्हणतात. मिग-२१ बिसचं मॉड्यूल २०१४ च्या सप्टेंबरात आलं. लेदरनेक नावाच्या छोट्या गटाने ते बनवलं, पुढे मॅग्निट्यूड थ्री या नावाने ते काम चालू राहिलं. किंमत साधारण पन्नास डॉलर, म्हणजे चार हजार रुपयांच्या वर. सेल लागला की बरंच कमी.

माझा पुतण्या पुण्याला कॉलेजात आहे. त्याने मला विचारलं, “काका, तुम्ही मिग जवळून बघितलंय. हे घेण्यासारखं आहे का?” मी तोफखान्यातला माणूस. विमान चालवलेलं नाही, त्यात बसलेलोही नाही. पण महाजनच्या फायरिंग रेंजवर आणि सुरतगडच्या आसपास असताना ते डोक्यावरून रोज जायचं, आणि तेजपूरला असताना नवे पायलट त्यावर हात बसवताना तासन्‌तास दिसायचे. म्हणून उत्तर देण्याआधी मी एक केलं. ज्यांनी हे मॉड्यूल विकत घेतलं त्यांनी इतक्या वर्षांत काय काय लिहिलंय, ते वाचत बसलो. पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर दोन संध्याकाळींत मिळालं. पण वाचता वाचता एक वेगळीच गोष्ट खटकली, आणि आजचा लेख तिच्याबद्दल आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. या विमानाबद्दलची बहुतेक मतं निरुपयोगी आहेत, चांगली मतंसुद्धा. आणि ज्यांची मतं खरंच उपयोगी पडली असती, ती आपली माणसं गप्प आहेत.

मतांचे ढीग ढोबळमानाने तीन. पहिला ढीग ताऱ्यांचा. “जबरदस्त, पाच तारे.” “पैसे वाया, एक तारा.” दुसरा ढीग रागावलेल्यांचा. सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली, काहीतरी बिघडलं, महिने गेले तरी दुरुस्त झालं नाही, म्हणून अख्खं विमान टाकाऊ. तिसरा ढीग पंडितांचा. यांच्याकडे तक्ते असतात, आलेख असतात. अमुक उंचीवर अमुक वेगाने वळलं तर इतक्या अंशांनी वळायला हवं, हे तर त्याहून जास्त वळतंय. या तिसऱ्या ढिगाची मला कदर आहे. कारण त्यांचं बोलणं बनवणाऱ्याला निदान तपासून बघता येतं.

आपल्यातले जे तोफखान्यात होते त्यांना पुढचं समजावायची गरज नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ओपीवरून, म्हणजे निरीक्षण चौकीवरून, पहिला गोळा पडलेला दिसला की ऑफिसर रेडिओवर काय बोलतो? “वाईट पडला” असं बोलत नाही. “तोफा बेकार आहेत” असंही नाही. तो म्हणतो, “लेफ्ट २००, अ‍ॅड ४००.” गोळा निशाण्यापासून कुठल्या बाजूला आणि किती लांब पडला, एवढंच. मैलोन्‌मैल मागे उभ्या असलेल्या तोफांना निशाणा दिसत नसतो. त्यांच्यासाठी ओपीच डोळे. मी टीए होतो, नकाशा आणि हिशेब माझ्याकडे. देवळालीला उस्तादांनी पहिल्या आठवड्यात जे डोक्यात घातलं ते आजही तसंच आहे: गोळ्यावर रागावू नका, गोळा कुठे पडला ते सांगा.

सिम्युलेटरमधलं विमान बनवणारा माणूस हा मागच्या तोफेसारखा असतो. त्याच्याकडे पुस्तकं असतात, फोटो असतात, एखाद्या संग्रहालयातलं विमान बघून आलेला असतो. पण खरं विमान उडताना कसं वागतं ते त्याला दिसत नाही. ते बघितलेल्या माणसाने त्याला करेक्शन द्यायचं असतं. एक तारा किंवा पाच तारे हे करेक्शन नव्हे.

उदाहरणं देतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

नव्याने घेतलेल्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: विमान धावपट्टीपर्यंत नेताच येत नाही, ते वळत नाही. अनेकांनी याच कारणासाठी तारे कापले आहेत. पण मिग-२१ चं पुढचं चाक मोकळं असतं, ते पायाने फिरवता येत नाही. दांडीवर ब्रेकची मूठ असते. ती दाबून धरायची आणि त्याच वेळी एक पेडल पुढे ढकलायचं, की त्या बाजूच्या चाकाला ब्रेक लागतो आणि नाक तिकडे वळतं. ही रशियन पद्धत. ज्याला पाश्चात्त्य विमानांची सवय आहे त्याला हा दोष वाटतो. म्हणजे बनवणाऱ्याने जे बरोबर केलंय, त्याचीच शिक्षा त्याला मिळाली.

दुसरं, इंधनाचा काटा. काही जणांनी लिहिलंय की काटा खोटं बोलतो. खऱ्या विमानातला काटाही टाकीत किती आहे ते मोजत नाही. भरल्यावर आकडा हाताने लावायचा, मग इंजिनाने जेवढं प्यायलं तेवढं त्यातून वजा होत जातं. आकडा चुकीचा लावला तर काटा शेवटपर्यंत चुकीचंच दाखवणार. सिम्युलेटरमध्येही तो आकडा आपणच लावायचा असतो. हे ज्याला माहीत नाही तो हवेत इंजिन बंद पडल्यावर मॉड्यूलला शिव्या देतो. ज्याला माहीत आहे त्याला त्या एका गोल बटणामागचा अख्खा माणूस दिसतो. टाकी भरून, आकडा तपासून, कागदावर सही करणारा एअरमन. चार हजार रुपयांत तो माणूस मिळत नाही. सिम्युलेटरमध्ये रेडिओवरून इंधन मागितलं की ते आपोआप भरलं जातं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, उतरणं. मतांमध्ये सगळ्यात जास्त भांडण याच्यावर आहे. कोण म्हणतं फार अवघड, कोण म्हणतं फार सोपं. बिसमध्ये उतरताना इंजिनातली हवा थोडी काढून पंखाच्या मागच्या पट्ट्यांवर, म्हणजे फ्लॅपवर, फुंकली जाते. त्यामुळे एवढ्याशा पंखावरही विमान जरा कमी वेगात तरंगतं. पण ती हवा इंजिनाकडून येते. पायलटने घाबरून थ्रॉटल एकदम मागे ओढला की इंजिन मंदावतं, फुंकर कमी होते आणि विमान खाली बसतं. म्हणून जमिनीला टेकेपर्यंत ताकद राखायची, आणि तेही ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. आपल्या मनाची ओढ नेमकी उलटी असते. जमीन जवळ आली की हात आपोआप मागे जातो.

तेजपूरला हे मी कित्येकदा बघितलं. तेव्हा तिथे मिगवर नव्या पायलटांना तयार करणारं युनिट होतं. आमच्या लाइनींपासून धावपट्टी दूर, पण आवाज पोचायचा. काही उतरण्यांत इंजिनाचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा यायचा. काहींत तो तुटायचा, मग एकदम वाढायचा आणि विमान पुन्हा वर निघून एक चक्कर मारून यायचं. आमच्या लंगरचा कुक भांडी घासता घासता मान वर न करता सांगायचा, “हा नवीन आहे.” त्या कुकचं मत हे खरं वापरकर्त्याचं मत. त्याने विमान वापरलं नव्हतं, पण त्याचं निरीक्षण नेमकं होतं.

आता मॉड्यूल याबाबतीत कसं आहे? पुतण्याच्या कॉम्प्युटरवर मी बाजूला बसून बघितलं. थ्रॉटल ओढला की ते खरंच बसतं. ज्यांनी “उगाच अवघड केलंय” म्हणून तारे कापले त्यांनी विमानाची खरी खोड दोष म्हणून नोंदवली. आणि ज्या पंडितांनी लिहिलं की नाक खूप वर उचललं तरी हे विमान जेवढा वेग गमवायला हवा तेवढा गमवत नाही, त्यांनी करेक्शन दिलं. त्रिकोणी पंखाचं विमान जोरात वळवलं की वेग भराभर गळतो, हा त्याचा स्वभाव. असल्या तक्रारींवरून या मॉड्यूलचं उडणं बनवणाऱ्यांनी वेळोवेळी बदललं आहे. म्हणजे करेक्शन पोचतं. तोफा ऐकतात.

इथे कुणी म्हणेल, सुभेदार साहेब, हा शेवटी खेळ आहे, एवढं काय मनावर घेता? त्याला माझं उत्तर सँड मॉडेलचं आहे. हल्ल्याआधी आपण वाळूचं मॉडेल बनवतो. ही टेकडी, हा नाला, हे गाव. वाळू म्हणजे डोंगर नव्हे हे प्रत्येक जवानाला ठाऊक असतं. तरीही नाला चुकीच्या बाजूला काढला तर उस्ताद गप्प बसतो का? कारण रात्री अंधारात पाय तेच आठवणार. मिग-२१ च्या बाबतीत रात्र झाली आहे. यापुढे ते उडताना बघायला मिळणार नाही. आज जो दहा वर्षांचा आहे त्याला हे विमान माहीत होणार ते संग्रहालयात, चौकातल्या खांबावर आणि सिम्युलेटरमध्ये. त्यातलं वागणारं, आवाज करणारं, हाताला जाणवणारं फक्त तिसरं. मॉड्यूल जसं असेल तसंच विमान होतं, असं तो समजणार.

आणि या विमानाबद्दल आधीच एक एका ताऱ्याचं मत देशभर पसरलेलं आहे. उडती शवपेटी. हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला त्याचं दुःख खरं असेल. २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं होतं की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून जास्त अपघातांत गेली आणि १७१ पायलट गेले. हे आकडे झाकायचे नाहीत. पण “शवपेटी” हेही करेक्शन नव्हे. गोळा वाईट पडला, एवढंच ते सांगतं. कुठे पडला ते सांगत नाही. कुठे पडला याचं एक उत्तर असं आहे: सुरुवातीच्या साध्या जेट ट्रेनरवरून मुलं एकदम या सुपरसॉनिक विमानावर येत होती. मधली पायरी नव्हती. ला फोंटेन समितीने १९८२ मध्येच प्रगत ट्रेनर घ्या असं सुचवलं होतं. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये आणि बिदरला ती आली २००८ मध्ये. जे विमान थ्रॉटलवरचा घाबरलेला हात माफ करत नाही, त्यावर मधल्या पायरीशिवाय पाठवायचं, हा निर्णय विमानाने घेतलेला नव्हता. आणखीही कारणं होती, सुट्या भागांची, वयाची, पक्ष्यांची. पण “शवपेटी” म्हटलं की सगळी कारणं त्या एका शब्दात पुरली जातात. जबाबदार माणसंही त्यातच सुटतात.

सिम्युलेटरवर पाचदा उतरताना पडलेला मुलगा निदान एक गोष्ट शिकतो, की हे कुठल्या क्षणी चुकतं. बातम्या बघून कुणी हे शिकलेलं नाही. मला या मॉड्यूलचं सगळ्यात मोठं मोल इथे वाटतं.

आता आपल्या माणसांकडे येतो. माझ्या ओळखीत वायुसेनेतले निवृत्त बरेच आहेत. त्यांना हे मॉड्यूल दाखवलं की दोनच प्रतिक्रिया येतात. एक, हात झटकून: “छे, खरं ते खरं, हे पोरांचं खेळणं.” दुसरी, डोळे भरून: “अगदी तसंच आहे हो!” दोन्हीत प्रेम आहे, दोन्हीचा उपयोग शून्य. वायुसेनेत प्रत्येक विमानाचा फॉर्म ७०० असतो. उतरल्यावर पायलट त्यात बिघाड लिहितो, टेक्निशियन तो दुरुस्त करून सही करतो. त्या फॉर्मवर कुणी “छे, खेळणं” असं लिहील का? तिथे लिहायचं ते नेमकं लिहायचं: कुठल्या उंचीवर, कुठल्या वेगाला, काय झालं. आयुष्यभर ही शिस्त पाळलेली माणसं मॉड्यूलबद्दल बोलताना मात्र ताऱ्यांवर उतरतात.

मला वाटतं, ओझरच्या कारखान्यात ज्यांनी ही विमानं जोडली, कोरापुटला ज्यांनी आर-२५ इंजिनं बनवली, ज्यांनी उतरल्यावर मागची टेल शूटची छत्री धावपट्टीवरून गोळा करून पुन्हा घडी घातली, त्या सगळ्यांनी एकदा बाजूला बसून हे बघावं. उडवायची गरज नाही. आवाज बरोबर आहे का? आफ्टरबर्नर लागताना धक्का एकदम येतो की चढत येतो? कुठला दिवा आधी लागायचा? कॉकपिटचा तो हिरवट निळा रंग जुना झाल्यावर कुठे झिजायचा? असं एक एक वाक्य लिहा. नातवाला सांगा, तो इंग्रजीत करून पाठवेल. तुमचं एक वाक्य पन्नास ताऱ्यांना भारी आहे.

पण एक लक्ष्मणरेषा आहे, आणि ती मी ठळकपणे सांगतो. जे छापील पुस्तकात किंवा संग्रहालयात उघड आहे, किंवा डोळ्याला-कानाला जाणवणारं आहे, तेवढंच. सर्व्हिसची कागदपत्रं, आपण त्यावर नंतर बसवलेली उपकरणं, शस्त्रं, रडारची कुवत यांतलं काही नाही. विमान निवृत्त झालं, आपली शपथ निवृत्त झालेली नाही. २०२१ मध्ये ‘वॉर थंडर’ नावाच्या दुसऱ्या एका खेळावरून वाद घालताना कुणीतरी ब्रिटनच्या चॅलेंजर २ रणगाड्याच्या लष्करी पुस्तिकेतला मजकूरच उघड टाकला. कारण काय, तर खेळातला रणगाडा चुकीचा बनवलाय हे सिद्ध करायचं होतं. वाद जिंकण्याच्या नादात माणूस कुठपर्यंत जातो बघा. आपल्यात असा एकही निघता कामा नये. मॉड्यूल थोडं चुकीचं राहिलं तरी चालेल.

शेवटी पैशांचं, कारण पुतण्याचा प्रश्न तोच होता. असल्या मॉड्यूलचे पैसे देताना आपण वस्तू घेत नाही, कुणीतरी पुढे काम करत राहील याचा भरवसा घेतो. डीसीएससाठी व्हीईएओ नावाच्या गटाने हॉकचं मॉड्यूल काढलं होतं. २०१८ मध्ये तो गट बाहेर पडला आणि सिम्युलेटरच्या पुढच्या आवृत्त्यांत ते विमान चालेनासं झालं. ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्या हातात जुनी आवृत्ती राहिली. तेव्हा दुसऱ्या ढिगातल्या रागावलेल्या माणसांना मी सरसकट हसणार नाही. त्यांचा राग खरा, फक्त लिहिण्याची तऱ्हा बिनकामाची. “बेकार” लिहिण्याऐवजी “अमुक आवृत्तीपासून अमुक गोष्ट चालत नाही, इतके महिने झाले” असं लिहिलं तर पुढच्या गिऱ्हाइकाला निर्णय घेता येतो आणि बनवणाऱ्यालाही तोंड लपवता येत नाही.

पुतण्याला मी सांगितलं ते असं. आधी चौदा दिवस फुकट चालवून बघता येतं, ते बघ. रडार आणि क्षेपणास्त्रांच्या नादी लागू नकोस. चौदा दिवस फक्त उड आणि उतर. पंधराव्या दिवशीही उतरावंसं वाटलं तर सेल लागेपर्यंत थांब आणि घे. मॉड्यूल अकरा वर्षांचं आहे. चकचकीत नव्या मॉड्यूलांपुढे त्याचं कॉकपिट जुनाट दिसेल. दिसू दे. खरं विमानही नवं दिसत नव्हतं.

आणि मत लिहिणार असशील तर तारे देऊ नकोस. किती वेगाने आलास, थ्रॉटल कुठे होता, विमानाने काय केलं, तेवढं लिही. एक ओळ पुरे. लेफ्ट २००, अ‍ॅड ४००.

जय हिंद.